डब्या विचारतात, ‘मी आहे कुठे?’

समज, एक भलीमोठी इमारत आहे. तिच्यात ठिकठिकाणी काडेपेटीएवढ्या डब्या ठेवल्यात. कुणी कपाटावर, कुणी ढकलगाडीवर. प्रत्येकीत एक तापमापक, एक बॅटरी, एक चिमुकला रेडिओ. यांना म्हणतात सेन्सर नोड.

एके दुपारी एक डबी कळवते, “इथे भयंकर गरम झालंय!”

आग लागली की काय? पळा! पण कुठे पळायचं? ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रत्येकीत जीपीएस बसवावं? ते बॅटरी भराभर खातं. शिवाय छपराखाली उपग्रहांचे संदेश नीट पोचतच नाहीत. आली का पंचाईत!

२००० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये निसांका प्रियंथा, अनित चक्रवर्ती आणि हरी बालकृष्णन यांनी यावर एक झकास युक्ती मांडली. बालकृष्णन जन्माने आपल्या नागपूरचे बरं का! या तिघांच्या यंत्रणेचं नाव ‘क्रिकेट’.

आता मैदानाच्या पार टोकाला जाऊन बस. तिकडे फलंदाजाने चेंडू टोलवला. बॅट फिरलेली आधी दिसते, ‘टक्’ मागून ऐकू येतं. जितकं लांब बसशील, तितकं ‘टक्’ उशिरा!

छताला लावलेली, स्वतःची जागा आधीच माहीत असलेली डबी अगदी हेच करते. ती एकाच क्षणी दोन गोष्टी सोडते: एक रेडिओलहर आणि एक अल्ट्रासाउंड, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज.

ओळख पाहू, आवाज एक मीटर जाईपर्यंत रेडिओलहर किती जात असेल? दहा मीटर? शंभर?

छे! तब्बल पावणेनऊशे किलोमीटर! मुंबईहून निघाली, तर नागपूर मागे टाकून पुढे जाईल. आणि तोवर बिचारा आवाज टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच!

म्हणून ऐकणारी डबी रेडिओ आला की घड्याळ सुरू करते, आवाज आला की थांबवते. सेकंदाचा शंभरावा भाग गेला? मग अंतर सुमारे ३.४ मीटर. गरम हवेत आवाज जरा जास्त वेगाने जातो, म्हणून तापमानही हिशेबात धरायचं.

पण नुसत्या अंतरावरून जागा कळेल? चल परत मैदानात! एका मित्रापासून तू पाच मीटरवर आहेस. त्याच्याभोवती दोरीने फक्कीचं वर्तुळ आखलं, तर तू त्यावर कुठेही असू शकतोस किंवा असू शकतेस. दुसऱ्या मित्राचं वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदतं. तिसऱ्याचं त्यातल्या एकाच ठिकाणावरून जातं. सापडली जागा!

आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत ऐक. जागा सापडलेली डबी शेजारणीसाठी स्वतःच ‘मित्र’ होऊ शकते! सुरुवातीला थोड्याच डब्यांना आपली जागा माहीत असली, तरी हळूहळू बाकीच्यांना कळत जाते. फक्त एकीची चूक पुढचीलाही भोवते हं!

आता तिन्ही मित्रांना एका सरळ रेषेत उभं कर आणि पुन्हा फक्की मार. अरेच्चा! तिसरं वर्तुळसुद्धा त्याच दोन्ही ठिकाणांवरून जातंय! म्हणूनच जागा आधीच माहीत असलेल्या डब्या एका ओळीत लावणं टाळतात.