वाऱ्यावर रेलणारी उडी

घसरगुंडीवरून ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने येणारा स्की-जंपर गुडघ्यांत वाकून, हात मागे घेऊन अंग चोरतो. तिथे वारा अडवणारा असतो. कड्यावरून झेप घेताच तोच वारा आधार होतो, आणि हा बदल सेकंदाच्या आत साधावा लागतो. मला या खेळातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

हवेत खेळाडू पुढे झुकून जवळजवळ स्कींवर पालथा होतो. खालून लागणारी हवा त्याला उचलून धरते. पूर्वी स्की जोडून, समांतर धरत. शरीर नेमकं त्यांच्या वर, म्हणजे हवा अडायला जागा कमी. 1980च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लोव्हने स्कींची पुढची टोकं फाकवून ‘व्ही’ अक्षर केलं. आता शरीरालाही वारा मिळाला, स्कींनाही. परीक्षकांनी शैलीचे गुण कापले, तरी 1988-89चा विश्वचषक त्यानेच जिंकला! काही वर्षांत सगळेच तसे उडू लागले.

स्कींप्रमाणेच सैल पोशाखही शिडासारखा वारा धरतो, म्हणून त्याचं माप काटेकोर तपासतात. 2025मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्हाइममधल्या जागतिक स्पर्धेत यजमान संघाने पोशाखाच्या शिवणीत फेरफार केल्याचं उघड झालं. त्या संघातल्या मारियस लिंडविकचं रौप्यपदक गेलं.

स्कीची लांबीही खेळाडूच्या उंचीच्या 145 टक्क्यांपर्यंतच चालते. वजन उंचीच्या मानाने फार कमी असेल, तर स्की आणखी आखूड घ्यावी लागते, म्हणजे वारा धरायला जागाही कमी. हलकं होण्यासाठी उपाशी राहणाऱ्या खेळाडूंना वाचवणारा हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.