दातांतला हजेरीपट

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे वय नुसते विचारून कोणी थांबत नाही. जबडा उघडून बघतात. अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि मग जुळलेला. गाईबैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. ते जोडीजोडीने बदलतात, म्हणून ही मोजणी जमते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण ही विद्या घरात सर्वांना येते.

मात्र ही मोजणी टप्प्यांची झाली. दात दिसला की आपण म्हणतो, "दात आला." वास्तविक तो त्याआधी कितीतरी दिवस हिरडीखाली घडत असतो. दातावरचे कठीण कवच म्हणजे दंतवल्क. विशिष्ट पेशी त्याचा थर रोज थोडाथोडा चढवतात. एका दिवसाचा थर मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या ते तीनशेव्या भागाएवढा! दाताची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर या रोजच्या रेघा दिसतात. शिवाय बहुधा सात ते नऊ दिवसांनी एक ठळक रेघ येते. तिला स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ रेट्झिउस यांचे नाव आहे. हे अंतर माणसागणिक बदलते. पण मौज अशी, की एकाच माणसाच्या कायमच्या दातांत ते बहुधा सारखेच असते.

दुधाच्या दातांत आणखी एक रेघ सापडते, जन्माची. आईच्या पोटात घडलेले दंतवल्क आणि बाहेर आल्यावर घडलेले, यांच्या सीमेवर ती उमटते. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली. दाताने मात्र बिचाऱ्याने खरा दिवस टिपलेला असतो.

"हळूहळू वाढणे" म्हणजे हौदात संथ धारेने पाणी भरणे, असे आपल्याला वाटते. दात सांगतो ते वेगळे आहे. वाढ रोजच्या हप्त्यांनी होते, आणि हप्ता कमी पडला तर तो पुढे भरून निघत नाही. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरते. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी मात्र दात वर येताना नष्ट होतात. त्यामुळे लहानपणी मोठा ताप आला, गोवर झाला किंवा पोटभर अन्न मिळाले नाही, तर त्या वेळच्या थराच्या जागी आडवी खाच किंवा खळगा राहतो, तो कायमचा.

याचा उपयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. मुले वारली की तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास केला. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगेही त्यांनी तपासले. राजांच्या लढायांचा इतिहास आपण पाठ करतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्या मुलाची आबाळ कोणत्या बखरीत सापडणार?

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्याबरोबर दोन-तीन वर्षांची मुलेही कोपीवर जातात. त्या वयात मुलाच्या तोंडात दुधाचे दात असतात. पण त्यांच्या मागे, जबड्यात, पुढचे कायमचे दात घडत असतात. त्या हंगामातला ताप आणि उपास त्यांत नोंदला जातो. मूल परत आले, वजन भरले, अंगणवाडीच्या तक्त्यात सुधारले, की आपण निश्चिंत होतो. मग सातव्या-आठव्या वर्षी, दुसरी-तिसरीच्या वर्गात, तो दात बाहेर येतो आणि खाच दिसते. १९७२ च्या दुष्काळात जी मुले या वयाची होती ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. मिश्री घासून आणि भाकरी चावून वरच्या खुणा पुसट झाल्या असतील. आतल्या रेघा शाबूत असतात.

अर्थात दात सर्व सांगत नाही. खाच साधारण कोणत्या वयात पडली हे तिच्या जागेवरून काढता येते. ती भुकेने पडली की गोवराने, हे एकट्या खाचेवरून ठरत नाही. ते त्या मुलाच्या आईलाच विचारावे लागते.