मारुती ८००चं इंजिन उघडण्याआधी

१९८३ साली आलेल्या मारुती ८००चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन घरच्या अंगणातही उघडता येतं. सायलेन्सरमधून निळा धूर आला म्हणजे ऑइल जळतंय. पण लगेच पिस्टन काढू नका. आधी कॉम्प्रेशन मोजा. कमी भरलं, तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर बहुधा रिंगा झिजल्यात. नाही चढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. ही साधी चाचणी फार मोलाची आहे, विनाकारण होणारी खोलाखोल तीच वाचवते. इंजिन उघडावंच लागलं, तर बेअरिंग कॅप काढताना खुणा करा, प्रत्येक कॅप आपल्याच जागी बसली पाहिजे. सिलिंडरचं बोअरिंग मात्र वर्कशॉपलाच द्यावं. पुन्हा जोडताना हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळा.