विश्वस्तांच्या खुर्च्यांवर कोण बसावे?

गोमंतकीय रसिकाला देवास परिचयाचे आहे ते कुमार गंधर्वांमुळे. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी तिथे गेले आणि तिथलेच झाले. देवास आणि इंदूरपलीकडचे धार ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने; मराठी कुटुंबे तिथे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. आज ते मध्य प्रदेशातील दोन जिल्हे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख, देवासची १५.६३ लाख आणि धारची २१.८५ लाख. क्षेत्रफळ तर धारचे आपल्या दुपटीहून अधिक. आपल्याकडचा रुग्ण बांबोळी गाठतो. तिथल्याला मेंदूच्या मोठ्या उपचारासाठी इंदूरची वाट धरावी लागते.

परंतु मेंदूचे व मज्जासंस्थेचे बरेच आजार इस्पितळात सुरू होऊन इस्पितळात संपत नाहीत. ते घरात मुक्काम करतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईवडिलांना औषधापेक्षा एक प्रश्न अधिक छळतो : आमच्यामागे याचे कोण? मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि पालकांचे स्वाभाविक पालकत्व संपते. बँकेतील सही, वाट्याला आलेली जमीन, सारेच अडते.

या प्रश्नावर संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता हे त्याचे क्षेत्र. त्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद मला वाटते ती मंडळाच्या रचनेची. शासकीय प्रतिनिधींच्या बरोबरीने नोंदणीकृत संस्थांमधून नऊ सदस्य घ्यावेत, असे कायदा सांगतो : तीन स्वयंसेवी संस्थांचे, तीन पालकसंघटनांचे, तीन दिव्यांगांच्या संघटनांचे. ज्याच्या घरात दुखणे आहे त्याला इथे केवळ अर्जदार म्हणून उभे केलेले नाही, निर्णयाच्या मेजाशी बसवले आहे.

हीच रचना जिल्ह्यापर्यंत उतरते. स्थानिक स्तर समितीत तिघे असतात : जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तीन महिन्यांतून किमान एकदा समितीने बसावे, अशी अपेक्षा आहे. सज्ञान दिव्यांगासाठी पालक नेमावा का, नेमल्यास कोणत्या कामांपुरता, हे ती ठरवते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. भावकीत जमिनीचे तंटे कसे पेटतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या हिशेबाचे मोल सांगावे लागत नाही.

खासगी धर्मादाय संस्थांवर असे बंधन नाही. तिथे मंडळावर नामांकित डॉक्टर आणि देणगीदार सहज येतात. रुग्ण व शुश्रूषा करणारे क्वचित. अपवाद मात्र बोलके आहेत. भारतीय मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी १९८५ मध्ये मुंबईत उभी राहिली ती रहमत फजलभॉय यांच्या पुढाकाराने, आणि त्या स्वतः या आजाराच्या रुग्ण होत्या. अपस्माराचे उदाहरण निराळे आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अपस्मार संघटनेने औषधोपचारापुरते स्वतःला बांधून घेतले नाही. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाला बाधा मानली जात होती. पाठपुराव्यानंतर १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द गळाला. गोळ्यांनी फिट थांबली तरी ठरलेले लग्न मोडत होते. ते दुःख तपासणीच्या खोलीत नव्हे, घरात कळते.

राष्ट्रीय न्यासाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. कंपवात व स्मृतिभ्रंश त्याच्या चौकटीत येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. पण त्यामुळे ते राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक स्तर समितीच्या कक्षेत आले नाहीत. धारच्या एखाद्या आदिवासी पाड्यावरील कुटुंबाला, किंवा काणकोणातल्या घराला, अठरा ओलांडलेल्या मुलासाठी आज करता येण्यासारखे काम एकच आहे : जिल्हाधिकारी कार्यालयात या समितीची चौकशी करून पालकत्वाचा अर्ज देणे. अर्ज आईवडील वा नातेवाईक करू शकतात, आणि त्यासाठी आईवडील थकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.