पाण्यांतलें पीक आणि त्याचा धनी

नांदेडच्या बाजारांत राहू मासा विकत घेतांना त्याचा धनी कोण, हा प्रश्न आपल्या मनांत येत नाहीं. शेतांतील पिकाचा धनी बांध पाहून कळतो. माशाला बांध नाहीं. जाळें आधीं टाकील त्याचा मासा, असा न्याय असला म्हणजे लहान पिल्लेंही कोणी सोडीत नाहीं. आपण सोडलेलें शेजारी धरील, ही भीति असते. धनी नसलेल्या पाण्यांत श्रम वाढतात आणि नफा सरतो, हें कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन यांनीं 1954 सालीं दाखविलें.

म्हणून आपल्याकडे जलाशय मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें देतात. राहू, कटला, मृगळ हे मासे सांचलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. बीज सोडावें लागतें. पेरणाऱ्यालाच कापणीची खात्री हवी.

परंतु मासा संस्थेचा असला, तरी पाणी तिचें नाहीं. मांजरा धरण आटलें आणि 2016 च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तहानेपुढें मासा मागें राहणारच, आणि तें योग्यही आहे. मात्र कोरड्या सालचा तोटा कोणीं सोसावा, हें ठेक्याच्या वेळींच ठरावें; आणि ठरवितांना जाळें टाकणाऱ्यांस विचारावें. सामायिक संपत्ति लोक आपल्याच नियमांनीं टिकवूं शकतात, हें दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गांवच्या तळ्याला तो धडा परका नाहीं.