अपडेटनंतर ॲप बंद पडलं? डिलीट करायची घाई नको

सप्टेंबरात पऱ्हाटी कमरेला लागलेली असते आणि यवतमाळ जिल्ह्यात जिकडेतिकडे वावराच्या धुऱ्यावर मोबाईल धरून उभी असलेली माणसं दिसतात. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या ॲपवर शेतकऱ्याने आपल्या पेऱ्याची नोंद स्वतःच फोटोसकट करायची, मग ती सातबाऱ्यावर चढते. पीक कर्ज असो, अतिवृष्टीची भरपाई असो की हमीभावाची खरेदी, पेऱ्याची नोंद सगळीकडे पाहिली जाते. अशा दिवसांत आदल्या रात्री फोनवर सिस्टीम अपडेट होऊन गेलं आणि सकाळी ॲप उघडताक्षणी बंद पडलं, तर जीव टांगणीला लागणारच.

मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, ॲप काढून परत टाक. दुसरा म्हणतो, फोन रिसेट मार. तिसरा सांगतो, यवतमाळच्या दत्त चौकात जाऊन सॉफ्टवेअर मारून आण. हे सल्ले आपुलकीनेच दिलेले असतात, पण त्यातले बरेचसे अर्धवट आहेत आणि एक-दोन तर नुकसान करणारे. म्हणून ते नीट तपासून पाहायला हवेत.

‘ॲप डिलीट करून परत टाकलं की सगळं ठीक होतं’

सगळ्यात जास्त दिला जाणारा हाच सल्ला, आणि सगळ्यात महाग पडणाराही हाच. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या आतल्या गावांत वावरात रेंज नसते. तिथे भरलेली माहिती आणि काढलेले फोटो आधी फोनमध्येच साठून राहतात आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावे लागतात. अपलोड होण्याआधी ॲप काढलं तर ती नोंद ॲपबरोबरच पुसली जाते. सर्व्हरवर ती कधी पोहोचलेलीच नसते, त्यामुळे तलाठ्यालाही ती कुठे सापडत नाही.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर ‘स्टोरेज’ उघडलं की दोन कळा दिसतात: एक कॅशे साफ करण्याची, दुसरी स्टोरेज किंवा डेटा साफ करण्याची. कॅशे म्हणजे ॲपने पटकन हाताशी असावं म्हणून साठवलेलं तात्पुरतं सामान. अपडेटनंतर जुनं कॅशे आणि नवी सिस्टीम यांचं जुळत नसेल तर ते साफ केल्याने ॲप पुन्हा सुरू होतं, आणि नोंद किंवा लॉगिन काही जात नाही. डेटा साफ केला की मात्र ॲप पहिल्या दिवसासारखं कोरं होतं. म्हणून क्रम असा ठेवावा: फोन बंद करून सुरू करा, कॅशे साफ करा, प्ले स्टोअरवर त्या ॲपचं नवीन अपडेट आहे का ते पाहा. डेटा साफ करणं आणि ॲप काढणं सगळ्यात शेवटी, आणि तेही अपलोड बाकी नाही याची खात्री पटल्यावरच.

सिस्टीमचं मोठं अपडेट झाल्यावर पहिला दिवस-दोन दिवस फोन तापतो, हळू चालतो, बॅटरी लवकर उतरते. नव्या सिस्टीमवर सगळी ॲप पुन्हा बसवून घेण्याचं काम आतल्या आत चालू असतं. फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला की बऱ्याचदा हे आपोआप निवळतं.

‘अपडेटने लोकेशनच बिघडवलं’

या तक्रारीवर जरा जास्त थांबतो, कारण पीक पाहणी अडते ती मुख्यतः इथेच. ॲप उघडतं, गट नंबर दिसतो, फोटो काढायला गेलं की ‘तुम्ही गटापासून दूर आहात’ अशा अर्थाचा संदेश येतो. माणूस तर आपल्याच वावरात उभा असतो.

2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून लोकेशनची परवानगी देताना दोन पर्याय दिसतात, अचूक आणि अंदाजे. घाईत अंदाजेवर बोट पडलं की फोन त्या ॲपला साधारण 3 चौरस किलोमीटरच्या परिसरातलं कुठलंतरी ठिकाण सांगतो. हवामान पाहायला तेवढं पुरतं, पण तीन एकरांच्या वावराला ते कसं पुरणार? 2022 च्या खरिपापासून ई-पीक पाहणीत गटाच्या स्थानाशी फोटोची जागा ताडून पाहण्याची सोय आली आणि पुढच्या आवृत्त्यांत ती आणखी काटेकोर झाली. त्यामुळे अंदाजे लोकेशन असेल तर ॲप अडून बसतं आणि त्याच्या परीने ते बरोबरच असतं. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ई-पीक पाहणी, मग परवानग्या, मग लोकेशन, अशा वाटेने जाऊन अचूक स्थानाची कळ चालू आहे का ते पाहावं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. 2021 च्या अखेरीपासून गुगलने हीच सोय जुन्या अँड्रॉइडवरही आणायला सुरुवात केली. वर्षभर न वापरलेलं एखादं ॲप गुपचूप लोकेशन वाचत बसू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगला आहे. पण पीक पाहणीचं ॲप हंगामी. खरिपात उघडलं की ते रब्बीपर्यंत पडून, आणि नुसताच खरीप घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे तर वर्षभर. पुढच्या हंगामात उघडावं तर कॅमेऱ्याचीही परवानगी गेलेली आणि लोकेशनचीही. दरम्यान एखादं अपडेट होऊन गेलेलं असतंच, त्यामुळे खापर त्याच्यावर फुटतं.

यातच भर पडते ती ‘नको’ म्हणण्याच्या सवयीची. सायबर फसवणुकीच्या बातम्यांमुळे लोक परवानगी विचारली की नकार देतात. सावधपणा म्हणून ते योग्यच, पण अँड्रॉइड 11 पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की फोन तो कायमचा नकार धरतो आणि ॲप पुन्हा विचारतच नाही. पडद्यावर काही येत नाही, कॅमेरा उघडत नाही, आणि ॲप मेलं असं वाटतं. वर सांगितलेल्या वाटेने परवानगी हाताने द्यायची, एवढंच करावं लागतं. ॲपच्या पानावर खाली, न वापरलेल्या ॲपचं काम थांबवण्याची कळ असते. हंगामी ॲपपुरती ती बंद करून ठेवली की पुढच्या वर्षी हा प्रश्न येत नाही.

‘रेंज नाही, म्हणून जीपीएस नाही’

जीपीएस उपग्रहांकडून येतं आणि त्याला ना टॉवर लागतो ना रिचार्ज. रेंज असली की फोनला उपग्रह कुठे आहेत याची माहिती नेटवरून पटकन मिळते. नसली तर ती उपग्रहाकडूनच सावकाश घ्यावी लागते, म्हणून वेळ लागतो. झाडाखालून किंवा गोठ्यातून बाहेर येऊन उघड्यावर काही मिनिटं थांबायचं. दर अर्ध्या मिनिटाला ॲप बंद-चालू केलं तर तो शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो.

‘सगळीच ॲप एकदम बंद पडली, म्हणजे व्हायरस’

मार्च 2021 मध्ये जगभर हेच झालं होतं. 22 आणि 23 तारखेला असंख्य अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट कितीतरी ॲप उघडताच बंद पडू लागली. लोकांनी फोन रिसेट मारले, फोटो घालवून बसले. चूक होती ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ नावाच्या एका भागाच्या अपडेटमध्ये. ॲपच्या आत वेबपान दाखवायचं काम हा भाग करतो, आणि गावाच्या सामाईक विहिरीवर घरं अवलंबून असावीत तशी अनेक ॲप त्याच्यावर अवलंबून असतात. गुगलने दुरुस्ती दिली तीही प्ले स्टोअरमधूनच: वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा, इतकीच. तेव्हा एकाऐवजी पाच-सहा ॲप एकाच दिवशी बंद पडली तर प्ले स्टोअरमध्ये या दोन नावांचं अपडेट आधी शोधावं.

रिसेट आणि दुकानातलं ‘सॉफ्टवेअर मारणं’ यांतही फरक आहे. दोन्हींत फोन कोरा होतो, पण कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर न टाकता भलतंच टाकलं गेलं तर बँकेची ॲप त्या फोनवर चालायलाच नकार देऊ शकतात. दुकानदाराला आधी विचारावं की हे काम का करायचं आणि त्यात काय जाणार आहे. चांगला कारागीर याचं उत्तर आनंदाने देतो.

‘म्हणून अपडेट करूच नये’

हा सल्ला ऐकला की मला काळजी वाटते. सिस्टीम अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि ज्या फोनवर पैशाचे व्यवहार होतात तो त्यांच्याशिवाय वापरणं धोक्याचं. शिवाय अपडेट टाळल्यानेही ॲप बंद पडतातच. व्हॉट्सॲपने जानेवारी 2025 पासून अँड्रॉइड 5 पेक्षा जुने फोन सोडून दिले. महागड्या फोनना आता सात-सात वर्षं अपडेट देण्याचं वचन कंपन्या देतात, स्वस्त फोनचं दोन-तीन वर्षांतच थांबतं. विदर्भातल्या खेड्यात बहुतेक हातांत स्वस्तच फोन असतो, आणि पुष्कळदा तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी वापरून दिलेला. अशा फोनवर प्ले स्टोअर ‘हे ॲप तुमच्या फोनसाठी नाही’ म्हणतं तेव्हा कितीही कॅशे साफ केलं तरी उपयोग नाही. शेजाऱ्याच्या किंवा मुलीच्या फोनवरून नोंद करावी, एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद होऊ शकते.

अपडेट करायचं ते मात्र वेळ पाहून. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, अपलोड बाकी असताना किंवा फोनची जागा भरलेली असताना नको. जागा मोकळी नसेल तर अपडेट अर्धवट अडकतं आणि नंतर ॲपला फोटो साठवायलाही जागा उरत नाही. व्हॉट्सॲपवर साठलेले सकाळचे शुभेच्छा-व्हिडिओ काढले तरी पुष्कळ जागा मिळते.

‘बायांना फोन चालवता येत नाही’

हा गैरसमज यंत्राविषयीचा नाही, माणसांविषयीचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन 2019 मध्ये वाटलेले, 2 जीबी रॅमचे. मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं, ते त्या फोनना पेलवेना आणि वर इंग्रजीत. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. बालकांची वजनं वहीत बिनचूक लिहिणाऱ्या बायांना अडाणी ठरवलं जात होतं. खरं कारण साधं होतं: ॲप वाढत जातं, फोनची रॅम वाढत नाही. आजही घरात ॲप अडलं की पहिला बोल आईला किंवा आजोबांनाच लागतो. आधी फोनचं वय पाहावं.

पैशाची ॲप आणि खोटी अपडेट

सिस्टीम अपडेटनंतर यूपीआयचं ॲप कधी कधी नंबर पुन्हा तपासून मागतं. त्यासाठी फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो, आणि तो बँकेत नोंदवलेल्या सिममधूनच जावा लागतो. नुसत्या डेटाचं रिचार्ज असेल किंवा दोन सिमांपैकी चुकीचं सिम निवडलं गेलं असेल तर तो जात नाही आणि ॲप तिथेच गोल फिरत राहतं. तारीख-वेळ चुकलेली असली तरी बँकेची ॲप जोडली जात नाहीत, तेव्हा वेळ आपोआप घेण्याची कळ चालू ठेवावी.

खरा धोका वेगळाच आहे. ॲप अडलेलं असताना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘पीएम किसानचं नवीन अपडेट’ म्हणून एपीके फाईल येते. कंटाळलेला माणूस ती उघडतो आणि एसएमएस वाचायची परवानगीही देऊन टाकतो. मग ओटीपी त्याच्याआधी चोराला दिसतात. अपडेट घ्यायचं ते फक्त प्ले स्टोअरवरून. चुकून अशी फाईल टाकली गेलीच तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

‘सर्व्हर डाऊन म्हणजे बहाणा’

नेहमी नाही. बाकीची ॲप चालताहेत आणि शेजाऱ्याच्या वेगळ्या कंपनीच्या फोनवरही हेच ॲप त्याच पानावर अडतंय, तर दोष तुमच्या फोनचा नाही. 2025 च्या खरिपात पीक पाहणीची मुदत वाढवून द्यावी लागली. त्याच हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली, म्हणजे वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला एकाच मोसमात दोन ॲप सांभाळावी लागली. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न केला तर गर्दी कमी असते.

तरीही नाही झालं तर पुरावा ठेवा. चूक दाखवणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा काढा. ॲपची आवृत्ती आणि फोनचा अँड्रॉइड क्रमांक सेटिंग्जमधून लिहून घ्या. त्याखाली गट नंबर आणि खाते क्रमांक लिहून मुदत संपण्याआधी तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची नोंद गावासाठी नेमलेले सहायक करतात. आपला गट त्यांच्या यादीत आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.