कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्नायूंची इजा

आरोग्यविषयक एका प्रश्नाची माहिती वार्षिक अहवालातून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय आमच्याच बाह्यरुग्ण विभागातून पुढे आला.

हृदयविकारामुळे अनेक वर्षे सिम्वास्टॅटिनची गोळी घेणारे एक ज्येष्ठ रुग्ण गजकर्णाच्या उपचारासाठी आमच्याकडे आले. त्यांना इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देण्यात आल्या. पंधरवड्यात त्यांच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की जिना चढवेना. घरच्यांनी वयोमानाचे दुखणे समजून तेल चोळले. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तेव्हा मात्र धावपळ करून त्यांना दाखल करण्यात आले. काही दिवस डायलिसिस करावे लागले. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली.

वास्तविक दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच होती. सिम्वास्टॅटिनचा निचरा यकृतातील 'सीवायपी ३ए४' या विकरामार्फत होतो आणि इट्राकोनॅझोल नेमके तेच विकर रोखते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही तसेच. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांला हे असे उमगले की, जमा रोज होत राहिली आणि खर्चाची खिडकी बंद झाली. रक्तात साचलेल्या औषधाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडांस इजा करते.

या वर्गातील सेरिवास्टॅटिन हे औषध अशाच मृत्यूंमुळे ऑगस्ट २००१ मध्ये उत्पादकांनी बाजारातून मागे घेतले. जेमफायब्रोझिलसोबत घेतल्यास त्याचा धोका विशेष वाढत असे. रक्तदाबावरील अम्लोडिपिन घेणाऱ्यांनी सिम्वास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, असे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये सांगितले आहे.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. इतकी गंभीर इजा विरळाच होते, आणि हृदयरुग्णाने आपल्या मनाने गोळी थांबविणे धोक्याचे ठरू शकते. तथापि स्नायू अकारण दुखू लागल्यास डॉक्टरांना कळवावे आणि लघवी गडद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

आमच्या केसपेपरवर 'चालू औषधे' हा रकाना पूर्वीपासून आहे. त्या रुग्णाच्या कागदावर तो कोरा होता. त्यांनी सांगितले नाही हे खरे, परंतु आम्हीही विचारले नाही. ही त्रुटी आमचीच. आता तो रकाना भरल्याखेरीज आमच्या औषधालयातून औषध दिले जात नाही. नातेवाइकांनी येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, अन्य डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून आणावीत, अशी विनंती आहे.